रोबो तीन, टेंडर एक

एम.टेक.च्या प्रोजेक्टला आम्ही गोदामात रात्रीची गस्त घालणारे रोबो घेतले. टर्टलबॉट नावाचे चाकांवरचे तीन छोटे रोबो, आणि गोदाम म्हणजे लॅबबाहेरचा कॉरिडॉर. मी पहिल्याच आठवड्यात कोड लिहायला बसलो. पहिल्या डेमोत पूर्वेचं दार ढकललं तर तिन्ही रोबो तिकडेच धावले आणि एकमेकांना अडून उभे राहिले. तेवढ्यात मागच्या दाराने मित्र खुर्ची उचलून घेऊन गेला. गाईडसर म्हणाले, "तुमचे वॉचमन एकदमच चहाला गेले की!"

मग कोड बाजूला ठेवून प्रोमिथियस पद्धत वाचली. एजंट, म्हणजे स्वतः ठरवून काम करणारे प्रोग्राम, त्यांची सिस्टिम आखायची ही पद्धत. लिन पॅडगम आणि मायकेल विनिकॉफ या दोघांनी मेलबर्नला असताना मांडलेली. तिच्यात आधी कागदावर लिहायचं: सिस्टिमला साधायचं काय, तिला बाहेरचं काय कळतं (दार हललं, बॅटरी उतरली) आणि ती काय करू शकते. एजंट कोण, हे त्यानंतर ठरतं. आम्ही 'एक रोबो म्हणजे एक एजंट' असं धरून चाललो होतो. प्रत्यक्षात एका रोबोत गस्तीचा एक आणि कामासाठी बोली लावणारा एक, असे दोन निघाले. कॅमेऱ्याचा एजंट मात्र करू नका. चित्रात माणूस आहे की नाही एवढंच सांगायचं असेल तर साधं फंक्शन पुरतं. नवशिके दिसेल त्याला एजंट म्हणतात. आम्हीही अकरा केले होते.

कामवाटपाला कॉन्ट्रॅक्ट नेट घेतलं. रीड स्मिथने १९८० मध्ये मांडलेली ही सरळ टेंडरची रीत: काम जाहीर करा, बोल्या घ्या, एकाला द्या. जेड या एजंट बनवायच्या जावातल्या सॉफ्टवेअरमध्ये ती तयार मिळते. आमची बोली सरळ रेषेतल्या अंतरावर होती. त्यामुळे भिंतीपलीकडे चार मीटरवर असलेला रोबो टेंडर जिंकायचा आणि सगळ्या कॉरिडॉरला वळसा घालून यायचा! मग नकाशावरच्या वाटेची लांबी धरली, उतरलेल्या बॅटरीचा दंड लावला.

एक गोष्ट राहिलीच होती. जिंकलेला रोबो वाटेत बंद पडला तर? टेंडर त्याच्या नावावर, बाकीचे निवांत. म्हणून 'पोचलो' असा निरोप मुदतीत आला नाही तर टेंडर पुन्हा काढायचं ठरवलं. ही चूक शोधायला जेडचा स्निफर कामी आला. कोणी कोणाला काय निरोप पाठवला ते बाणांनी दिसतं.

व्हायवाला बाहेरच्या परीक्षकांनी काही न विचारता टेंडर जिंकून वाटेत असलेल्या रोबोचं बटण बंद केलं. आम्ही तिघे श्वास रोखून. बाराव्या सेकंदाला दुसरा रोबो वळला.