फॉरमॅट मारूनही व्हायरस परत येतोय? मग या क्रमाने करा

आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी लॅपटॉपला दोन महिन्यांत तीन वेळा फॉरमॅट मारून घेतला. दर वेळी दुकानदाराला पैसे दिले आणि दर वेळी दोन दिवसांत तेच. काहीही शोधायला जावे, तर गूगलऐवजी भलतेच सर्च पान उघडायचे. तिसऱ्या खेपेला दुकानदाराने हात टेकले. ‘व्हायरस मदरबोर्डात शिरलाय, बोर्ड बदलावा लागेल,’ असे त्याने सांगितल्यावर काका माझ्याकडे आले.

मदरबोर्डात व्हायरस शिरतो हे खोटे नाही. पण माझ्याकडे अशी तक्रार घेऊन आलेल्यांपैकी बहुतेकांनी तो पाहुणा स्वतःच्या हातानेच परत घरात आणलेला होता. म्हणून खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने करा. घाबरून थेट बोर्ड बदलायला जाऊ नका.

पायरी १ : परत आले म्हणजे नेमके काय आले?

कागदावर लिहून काढा. सर्च पान बदलते, कोपऱ्यात ‘तुमच्या संगणकात ५ व्हायरस’ अशा पाट्या येतात, मेल कुणीतरी उघडते आहे, की नुसताच पंखा घोंघावतो आहे?

पंख्याचे कारण बहुतेक वेळा साधे असते. नवी विंडोज पहिले काही तास अपडेट उतरवण्यात आणि फायलींची सूची बनवण्यात गुंतलेली असते. कोपऱ्यातल्या पाट्या म्हणजे बहुधा एखाद्या वेबसाइटला आपण घाईत दिलेली नोटिफिकेशनची परवानगी. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन ती काढली की विषय मिटतो. मेल दुसऱ्याच्या हातात असेल, तर तुमचा संगणक शंभर वेळा धुऊनही काही होणार नाही. चोराकडे तुमचा पासवर्ड किंवा लॉगिन झालेल्या सत्राची कुकी (पासवर्ड न विचारता आत सोडणारी छोटी खूण) आहे आणि त्या गोष्टी तुमच्या डिस्कवर नाहीत, त्याच्याकडे आहेत.

आणि विंडोज टाकताच मदरबोर्डच्या कंपनीचे सॉफ्टवेअर ‘मला बसवू का’ असे विचारत असेल, तर तो व्हायरस नाही. विंडोज ८ पासून बायोसला (संगणक चालू करणारा, मदरबोर्डवरच्या चिपमधला प्रोग्रॅम) स्वतःच्या पोटातला एक प्रोग्रॅम विंडोजच्या हाती देण्याची अधिकृत सोय आहे. ती बऱ्याच बोर्डांवर बायोसच्या सेटिंगमधून बंद करता येते. मला ती सोय आवडत नाही, पण तो वेगळा विषय.

पायरी २ : आधी खाती, मग यंत्र

संशयित संगणक बाजूला ठेवा. दुसऱ्या भरवशाच्या फोनवरून किंवा संगणकावरून सर्वांत आधी मुख्य ईमेलचा पासवर्ड बदला, कारण बाकी सगळ्या खात्यांचे ‘पासवर्ड विसरलो’ तिथेच येतात. मग ‘सगळ्या उपकरणांवरून साइन आउट’ हा पर्याय वापरा. दुहेरी पडताळणी चालू करा. रिकव्हरीचा फोन नंबर आपलाच आहे ना आणि मेल परस्पर दुसऱ्या पत्त्यावर जात नाहीत ना, हे पाहा. शेवटची गोष्ट लोक हमखास विसरतात. बँकेतून पैसे गेले असतील तर हे सगळे सोडून आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा.

पायरी ३ : पेनड्राइव्ह कुठे बनवला?

‘फॉरमॅट मारून देणाऱ्या’ बऱ्याच दुकानांत एकच पेनड्राइव्ह वर्षानुवर्षे फिरत असतो. त्यात कुणीतरी आधीच छेडछाड केलेली विंडोज, फुकटचे ऑफिस आणि ते चालू करणारा ॲक्टिवेटर. हा ॲक्टिवेटर आधी सांगतो, अँटिव्हायरस बंद करा. ज्या पाहुण्याला आत येण्याआधी कुत्रा बांधून ठेवायला हवा असतो, त्याच्याबद्दल एवढे कळले तरी पुरे. केरसुणीलाच कीड लागलेली असेल, तर घर झाडून उपयोग काय?

तेव्हा किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या (त्यातले सगळे पुसले जाईल) आणि दुसऱ्या, स्वच्छ संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल उतरवून तो तयार करा. लॅपटॉपबरोबर मूळ विंडोज आलेली असेल, तर तिचा परवाना त्या यंत्राशी जोडलेला असतो. नेट लागले की ती बहुधा आपोआप सक्रिय होते, ॲक्टिवेटरची गरजच नसते. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, त्यामुळे यंत्राला झेपत असेल तर ११ च टाका.

त्याच बैठकीत लॅपटॉपच्या नेमक्या मॉडेल क्रमांकाचे ताजे बायोस आणि वायफायचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून वेगळ्या पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल, तर त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर लिहून घ्या. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडेल. बायोस बदलल्यावर यंत्र ती मागू शकते आणि तेव्हा बॅकअप अर्धवट राहिलेला असेल तर पंचाईत होते.

पायरी ४ : बॅकअपमध्ये काय घ्यायचे नाही

फोटो, व्हिडिओ, पीडीएफ, स्वतः टाइप केलेले कागद आणि हिशेबाच्या फायली घ्या. सेटअप, गेम, क्रॅक, पासवर्ड लावलेल्या झिप आणि कुणीतरी दिलेले ‘सगळे सॉफ्टवेअर’ नावाचे फोल्डर सोडा. मराठी टायपिंगचे फॉन्ट आणि कीबोर्डचे जुने सेटअप लोक जिवापाड जपतात. तेही सोडा. युनिकोडचा मराठी कीबोर्ड विंडोजमध्येच असतो.

फायलींची शेपटी, म्हणजे एक्स्टेन्शन, दिसेल अशी सेटिंग आधी करा. ‘लग्नपत्रिका.पीडीएफ’ दिसणारी फाइल प्रत्यक्षात ‘लग्नपत्रिका.पीडीएफ.इएक्सई’ असू शकते. झेरॉक्सच्या दुकानातून परत आलेल्या पेनड्राइव्हमध्ये सगळे फोल्डर अचानक शॉर्टकट झालेले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा खेळ ठाऊक आहे. खरे फोल्डर लपवले जातात आणि शॉर्टकटवर क्लिक केले की आधी व्हायरस चालतो, मग फोल्डर उघडतो. असा पेनड्राइव्ह नव्या विंडोजला लावून एक क्लिक केले, की फॉरमॅटचे पैसे पाण्यात.

पायरी ५ : बायोस, म्हणजे खरी भीती जिथे आहे ती जागा

जुन्या काळी ‘फॉरमॅटने व्हायरस जात नाही’ हे अगदी खरे होते. १९८६ साली लाहोरमधून निघालेला ‘ब्रेन’ हा फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे संगणक चालू होताना आधी वाचतो त्या भागात, बसायचा. पुढे हार्डडिस्कच्या पहिल्या सेक्टरात बसणारे आले. सी ड्राइव्ह कितीही फॉरमॅट करा, त्या सेक्टरला हात लागत नसे. दुकानदारांच्या तोंडी असलेली ती समजूत बहुधा तिथून आली.

आज तीन मजले वेगळे करून पाहावे लागतात. सर्वांत वर विंडोज. तिच्याखाली डिस्कवरच एक छोटे इएफआय विभाजन (पार्टिशन) असते, जिथून संगणक चालू होतो. आणि सर्वांत खाली मदरबोर्डवरची फ्लॅश चिप, जिच्यात बायोस किंवा हल्लीचे यूइएफआय राहते. डिस्क काढून फेकून दिली तरी ही चिप जागेवरच असते.

मधल्या मजल्यावरचा प्रसिद्ध रहिवासी म्हणजे ब्लॅकलोटस. ५,००० डॉलरला विकला जाणारा हा बूटकिट, म्हणजे विंडोजच्या आधीच चालू होणारा व्हायरस, सिक्युअर बूट (अनोळखी प्रोग्रॅमवरून संगणक चालू होऊ न देणारी सोय) चालू असतानाही आत शिरतो, असे इसेट या अँटिव्हायरस कंपनीने मार्च २०२३ मध्ये दाखवले. बातम्यांनी त्याला ‘न मरणारा’ करून टाकले. पण तो चिपमध्ये नाही, इएफआय विभाजनात राहतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेलाही त्याच वर्षी जूनमध्ये हे वेगळे सांगावे लागले. म्हणजे ते विभाजन पुसले की तो गेला. नुसता सी ड्राइव्ह फॉरमॅट केला, तर मात्र राहिला. पुढची पायरी त्यासाठीच आहे.

खालच्या मजल्यावर पोचलेलेही आहेत. सप्टेंबर २०१८ मध्ये इसेटनेच लोजॅक्स उघड केला. प्रत्यक्ष हल्ल्यात सापडलेला तो पहिला यूइएफआय रूटकिट (खोलवर लपून बसणारा व्हायरस), आणि त्याचा रोख बाल्कन देश, मध्य आणि पूर्व युरोपातल्या सरकारी संस्थांवर होता. गंमत अशी, की त्याचे मूळ लोजॅक नावाच्या चोरीविरोधी सॉफ्टवेअरमध्ये आहे. चोराने फॉरमॅट मारला तरी लॅपटॉपमधून जाऊ नये म्हणूनच ते बनवलेले होते! जुलै २०२२ मध्ये कॅस्परस्कीने वर्णन केलेला कॉस्मिकस्ट्रँड जरा अस्वस्थ करणारा आहे, कारण तो चीन, व्हिएतनाम, इराण आणि रशियातल्या साध्या, खाजगी माणसांच्या संगणकांवर आढळला. बोर्ड होते एच८१ चिपसेटचे, म्हणजे जुने.

माझे मत असे. अशा वस्तू बनवायला महाग पडतात आणि एका बोर्डावर चालणारी वस्तू दुसऱ्यावर चालेलच असे नाही. तुमचे सर्च पान बदलून जाहिरातींचे चार पैसे कमावण्यासाठी कुणी हे अस्त्र खर्च करत नाही. चिपमध्ये बसलेला हेर गप्प बसतो.

तरी बायोस अपडेट करून टाका. लॅपटॉपला चार्जर लावा आणि बायोसच्या मेनूतच असलेल्या अपडेटच्या सोयीतून, दुसऱ्या पेनड्राइव्हवरची फाइल वापरून ते करा. मध्ये वीज गेली तर यंत्र दगड होऊ शकते, म्हणून डेस्कटॉपवाल्यांनी यूपीएसशिवाय हे करू नये. झाल्यावर ‘फॅक्टरी डिफॉल्ट’ करा, सिक्युअर बूटच्या मूळ किल्ल्या परत आणण्याचा पर्याय असेल तर तोही वापरा, सिक्युअर बूट चालू करा आणि बायोसला पासवर्ड लावा.

चिपमध्येच व्हायरस बसलेला असेल, तर तिच्यातला हेर हे अपडेट अडवू शकतो, हे खरे. तेवढा ठोस संशय असेल, तर चिपला क्लिप लावून प्रोग्रॅमर नावाच्या उपकरणाने तिच्यात थेट लिहिणारा कारागीर लागतो. तुम्ही पत्रकार, वकील किंवा कुणाच्या तरी डोळ्यांवर आलेले कार्यकर्ते असाल, तर यातले काहीच करू नका. यंत्र बंद करून तसेच तज्ज्ञाकडे द्या. पुसलेल्या डिस्कवर पुरावा उरत नाही.

पायरी ६ : डिस्क खरोखर रिकामी करा

‘रीसेट धिस पीसी’ आणि ‘माझ्या फायली ठेवा’ हे आजच्या कामाचे नाही. बाकीच्या सगळ्या डिस्क आणि पेनड्राइव्ह काढा, इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह लावून त्यावरून संगणक चालू करा. ‘कस्टम’ निवडल्यावर विभाजनांची यादी दिसेल. त्यात साधारण १०० एमबीचे सिस्टिम विभाजन, रिकव्हरी, सी, डी, जे असेल ते एकेक करून डिलीट करा. डी मधला माल वाचवायचा असेल तर तो आधीच बाहेर काढलेला हवा, कारण ‘सी पुसला, डी तसाच’ हीच दुकानांतली नेहमीची अर्धी आंघोळ. शेवटी ‘अनॲलोकेटेड स्पेस’ ही एकच ओळ उरली, की ती निवडून पुढे जा. विंडोज आपली विभाजने नव्याने पाडते.

यादी हटवादीपणा करत असेल, तर शिफ्ट आणि एफ१० दाबा. काळ्या खिडकीत डिस्कपार्ट (diskpart) टाइप करा, मग लिस्ट डिस्क (list disk). आकार पाहून आपली डिस्क ओळखा, सिलेक्ट डिस्क (select disk) आणि तिचा क्रमांक द्या, मग क्लीन (clean). हा आदेश ‘नक्की ना?’ असे विचारत नाही. पेनड्राइव्हही याच यादीत दिसतो, म्हणून आकार दोनदा वाचा. सात सात वेळा शून्ये लिहिण्याची गरज नाही, त्याने फक्त एसएसडी झिजते.

पायरी ७ : राउटर

हे काम खरे तर विंडोजला नेट लावण्याआधी करा. राउटरमधला डीएनएसचा (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा) पत्ता बदललेला असेल, तर घरातले प्रत्येक यंत्र, अगदी नवे कोरे सुद्धा, चुकीच्या पानांवर जाते आणि दोष मात्र संगणकाला लागतो. २०१८ मधल्या व्हीपीएनफिल्टर नावाच्या राउटरवरच्या व्हायरसने ५४ देशांतली किमान ५ लाख उपकरणे धरली होती. त्याचा पहिला टप्पा राउटर बंद-चालू करूनही जात नसे, फॅक्टरी रीसेट लागायचा.

रीसेटचे बटण टाचणीने दाबण्याआधी नेटवाल्याकडून यूजरनेम आणि पासवर्ड मागून घ्या, नाहीतर रविवारी दुपारी घर ऑफलाइन आणि फोन कुणी उचलत नाही. मग ॲडमिनचा पासवर्ड बदला आणि फर्मवेअर (राउटरचे आतले सॉफ्टवेअर) अपडेट करा.

पायरी ८ : पहिला दिवस, आणि सिंक

आधी विंडोजचे सगळे अपडेट. मग शोधपट्टीत ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडून सिक्युअर बूट ‘ऑन’ आहे आणि बायोसची तारीख नवी आहे हे पाहा. विंडोजमधल्याच डिफेंडर या अँटिव्हायरसचे ऑफलाइन स्कॅन एकदा चालवा. जुन्या डिस्क एकेक करून लावा आणि उघडण्याआधी स्कॅन करा. आणखी एक साधन हवे असेल, तर सरकारच्या सर्ट-इन संस्थेचे सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून फुकट देते.

आता ब्राउझर. त्यात लॉगिन केले की सिंक तुमचे बुकमार्क आणि पासवर्ड आणते, तशीच एक्स्टेन्शनही (इथे फायलींची शेपटी नव्हे, ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम) इमानेइतबारे परत आणून बसवते. काकांच्या बाबतीत हेच झाले होते. कधीतरी पीडीएफ जोडण्यासाठी घेतलेले एक एक्स्टेन्शन त्यांच्या खात्यात जपून ठेवलेले होते आणि प्रत्येक कोऱ्या विंडोजवर लॉगिन होताच ते हजर व्हायचे. तेव्हा सिंक चालू करताना फक्त बुकमार्क आणि पासवर्ड निवडा, एक्स्टेन्शन आणि सेटिंग सोडा. जुनी एक्स्टेन्शन खात्यातूनच उडवा, आणि हवी असतील तेवढी हाताने पुन्हा घ्या.

काकांच्या लॅपटॉपला चौथा फॉरमॅट लागला नाही. एक्स्टेन्शन काढायला दोन मिनिटे गेली. त्याआधी गूगलचा पासवर्ड आठवायला पाऊण तास.