पीएफ आणि पेन्शनची कपात : या चुका टाळा

पीएफची कपात चुकली की हातात पडणारा पगार बदलतो आणि कामगार त्याच दिवशी विचारायला येतो. पेन्शनचा रकाना चुकला तर पगार तोच राहतो, त्यामुळे कोणाचंच लक्ष जात नाही. चूक उघडी पडते ती काही वर्षांनी, दावा परत आल्यावर. तोवर अकाउंटंट बदललेला असतो आणि जुने कागद सापडत नाहीत.

३.६७ टक्क्यांचं सूत्र

मूळ पगार अधिक महागाई भत्ता यावर १२ टक्के कामगाराचे, १२ टक्के मालकाचे. मालकाच्या वाट्यातले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात, पण १५,००० रुपयांच्या मर्यादेवरच, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त १,२५० रुपये. उरलेली रक्कम पीएफमध्ये. ही उरलेली रक्कम ३.६७ टक्क्यांनी काढायची असं एक्सेलमध्ये बसवलं की घोळ झालाच.

समजा पूर्ण २०,००० वर पीएफ कापला जातो. मालकाचे १२ टक्के २,४०० रुपये. त्यातून १,२५० वजा केले की पीएफमध्ये १,१५० जायला हवेत. ३.६७ टक्क्यांनी ७३४ च येतात, म्हणजे दरमहा ४१६ रुपये कमी. म्हणून पेन्शनची रक्कम आधी काढा, रुपयात पूर्ण करा आणि ती १२ टक्क्यांतून वजा करा. १४,४०० च्या पगारावर १,७२८ वजा १,२००, म्हणजे ५२८. (वाढीव पेन्शनचा पर्याय मंजूर झालेल्यांचा हिशेब वेगळा असतो, त्यांना या सूत्रात घालू नका.)

पेन्शनमध्ये कोण, कोण नाही

सर्वात महागात पडणारी चूक हीच. १ सप्टेंबर २०१४ पासून पहिल्यांदाच पीएफमध्ये येणाऱ्याचा पगार रुजू होताना १५,००० पेक्षा जास्त असेल, तर तो पेन्शन योजनेचा सभासद होत नाही. मालकाचे पूर्ण १२ टक्के पीएफमध्ये जातात. सॉफ्टवेअरमध्ये मात्र सगळ्यांना सरसकट १,२५० लावलेले असतात.

उलटी चूकही तितकीच होते. आधीच्या नोकरीत पेन्शनचा सभासद असलेला माणूस जास्त पगारावर रुजू झाला की 'नवा माणूस, पगार जास्त' म्हणून त्याची पेन्शन बंद केली जाते. ती चालूच राहायला हवी. पेन्शनला किमान १० वर्षांची सेवा लागते आणि इथे त्याची वर्षं बुडतात. अपवाद एकच : मधल्या काळात त्याने पेन्शनचे पैसे काढून घेतले असतील, तर तो नव्याने आला असं धरायचं. म्हणून फॉर्म ११ (रुजू होताना जुन्या पीएफ-पेन्शनची माहिती देणारा फॉर्म) कोऱ्या सहीने घेऊ नका. जुनं पासबुक मागवून पेन्शनचा रकाना बघा.

वयाची ५८ वर्षं पूर्ण झाली की पेन्शनची कपात थांबते, पीएफ सुरू राहतो. जन्मतारखेवरून हा बदल आपोआप होईल अशी सोय आधीच करून ठेवा.

चूक सापडली तर महिनावार तक्ता करून मालकानेच पीएफ कार्यालयाकडे अर्ज करावा. पुढच्या महिन्याच्या ईसीआरमध्ये (पीएफचं दरमहा ऑनलाइन भरायचं विवरणपत्र) आकडे कमी-जास्त करून जुनी चूक झाकली जात नाही, उलट दोन महिने बिघडतात.

भत्त्यांची फोड

मूळ पगार ९,०००, विशेष भत्ता ६,०००, घरभाडे ३,००० अशी फोड करून ९,००० वरच पीएफ भरणं धोक्याचं आहे. सरसकट सगळ्यांना मिळणारा भत्ता पीएफसाठी मूळ पगारातच मोजायचा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २८ फेब्रुवारी २०१९ चा निकाल आहे. इथे कपात १५,००० वर, म्हणजे १,०८० नव्हे, १,८०० रुपये. घरभाडे आणि ओव्हरटाइम यात येत नाहीत.

तारीख आणि वसुली

पैसे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे. पाच दिवसांची जुनी सवलत २०१६ मध्येच गेली. पगार उशिरा दिला, ही सबब चालत नाही. उशिराबद्दल वर्षाला १२ टक्के व्याज आणि शिवाय दंड, तो २०२४ पासून महिन्याला १ टक्का. मालकाचा वाटा कामगाराच्या पगारातून कापता येत नाही. कामगाराचा वाटा कापायचा राहिला तर तोही नंतरच्या पगारातून परस्पर वसूल करता येत नाही. खरोखर नजरचूक असेल तरच, आणि तीही निरीक्षकाच्या लेखी संमतीने.

बिनपगारी रजेचे दिवस ईसीआरच्या एनसीपी (पगार न मिळालेले दिवस) रकान्यात भरा. पगार कमी आणि तिथे शून्य, असं बरेचदा दिसतं.

कामगारांनी काय बघावं

पासबुकात पेन्शनच्या रकान्यावर व्याज दिसत नाही आणि खातं बदलल्यावर तिथे शून्य येतं. पैसे बुडालेले नसतात. पेन्शन सेवेच्या वर्षांवर आणि सरासरी पगारावर ठरते, जमा रकमेवर नाही. जुन्या मालकाने नोकरी सोडल्याची तारीख टाकली नसेल, तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी यूएएन (सभासदाचा कायमचा पीएफ क्रमांक) पोर्टलवर 'मॅनेज' मधल्या 'मार्क एग्झिट' मधून ती स्वतः टाकता येते. आधार मोबाइलला जोडलेलं हवं. तारीख टाकताना पासबुकातला शेवटचा महिना समोर ठेवा. एकदा चुकली की दुरुस्तीचे हेलपाटे ठरलेले.