ईडीपीएसचा डिस्चार्ज रिपोर्ट कसा वाचायचा

डिस्चार्ज म्हटलं की डोक्यात आधी हॉस्पिटल येतं, पण युरोपियन पार्लमेंटमध्ये डिस्चार्ज म्हणजे "तुमचा त्या वर्षाचा हिशेब तपासला, मंजूर केला" असा शेवटचा शिक्का. हा शिक्का दरवर्षी ईडीपीएसलाही घ्यावा लागतो. ईडीपीएस म्हणजे युरोपियन डेटा प्रोटेक्शन सुपरवायझर, युरोपियन युनियनच्या स्वतःच्या संस्था लोकांचा डेटा नीट हाताळतात का हे बघणारं ब्रसेल्सचं ऑफिस. कुठल्या तक्रारीवर काय निकाल द्यायचा हे पार्लमेंट त्यांना सांगू शकत नाही, कायद्यानेच ते स्वतंत्र आहेत, पण पैसा लोकांचा आहे म्हणून खर्च आणि कारभार यावर मात्र सगळं विचारता येतं.

आधी वर्षाचा घोळ मिटवा, कारण बहुतेक जण इथेच अडकतात. 2023 चा डिस्चार्ज म्हणजे 2023 मध्ये झालेल्या खर्चाचा, पण त्यावर मतदान 2025 मध्ये होतं, नियमाने खर्चाच्या वर्षानंतर दुसऱ्या वर्षाच्या 15 मे च्या आत. मधल्या काळात संस्था हिशेब देते, कोर्ट ऑफ ऑडिटर्स म्हणजे युनियनच्या हिशेब तपासनिसांचा रिपोर्ट येतो, मग पार्लमेंटची बजेटरी कंट्रोल कमिटी लेखी प्रश्नावली पाठवते, ड्राफ्ट होतो, दुरुस्त्या येतात, कमिटीत मतदान होतं आणि शेवटी सगळ्या सभागृहासमोर जातं, तिथे मंजूर झालेला मजकूर म्हणजे ठराव. शोधताना "सेक्शन 9" बघा, युनियनच्या बजेटमध्ये ईडीपीएसचा विभाग तोच.

ऑडिटर्सच्या भागात फार वेळ घालवू नका. ते प्रशासकीय खर्चाकडे सगळ्या संस्था मिळून बघतात, खर्चातल्या चुकांचं प्रमाण 2 टक्क्यांच्या आत असलं की ठीक धरतात, आणि एवढ्या छोट्या ऑफिसच्या वाट्याला त्यात तपशील फारच कमी येतो. ऑडिट क्लीन आहे याचा अर्थ कारभार चांगला आहे असा होत नाही, तो वेगळा तपासायचा.

मग टक्के बघा, पण दोन वेगवेगळे. एक म्हणजे बजेटपैकी किती रकमेची कामं नक्की केली, आणि दुसरा म्हणजे त्यातले प्रत्यक्ष किती दिले. समजा डिसेंबरमध्ये कुठलं आयटीचं कंत्राट सही झालं आणि बिल फेब्रुवारीत आलं, तर पहिला आकडा वर जातो, दुसरा खाली राहतो आणि उरलेली रक्कम पुढच्या वर्षात सरकते. हे एकदा झालं तर चालतं, दरवर्षी तेच दिसलं तर प्लॅनिंग कच्चं. 2020 मात्र वेगळं धरा, कोविडमुळे प्रवास आणि प्रत्यक्ष मीटिंग बंद होत्या त्यामुळे खर्च कमी झाला, त्यावरून ऑफिसला नावं ठेवू नका. अजून एक, याच सेक्शनमध्ये युरोपियन डेटा प्रोटेक्शन बोर्डाच्या (देशोदेशीच्या डेटा संरक्षण यंत्रणांचं एकत्र मंडळ) सचिवालयाचा पैसाही असतो, जीडीपीआर या युनियनच्या डेटा संरक्षण कायद्यानुसार ते सचिवालय ईडीपीएसच पुरवतं, म्हणून एकूण आकडा बघून "बजेट वाढलं" म्हणण्याआधी वाढ कोणाच्या वाट्याला गेली ते बघा.

आता खरा ऐवज, तो म्हणजे स्टाफचे परिच्छेद. किती जागा मंजूर, किती भरलेल्या, किती जण कंत्राटी, किती जण सोडून गेले, छळाच्या तक्रारी, आतली गडबड उघड करणाऱ्यांना संरक्षण, स्त्री-पुरुष प्रमाण, कुठल्या देशातले किती. मला सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं, कारण कामं वाढतच जातात, 2024 च्या एआय कायद्याने युनियनच्या संस्थांमधल्या एआयवर देखरेखही यांच्याकडेच आली, आणि फाइल बघायला माणूसच नसेल तर कागदावरच्या स्वातंत्र्याचं करायचं काय?

ठराव वाचताना पार्लमेंटने वापरलेल्या क्रियापदावर बोट ठेवा. "नोंद घेते" म्हणजे फक्त कळलं, "स्वागत करते" म्हणजे खूश, "खेद व्यक्त करते" आलं की थांबा, आणि "आवाहन करते" म्हणजे आता काहीतरी करून दाखवा. माझी पद्धत अशी की दोन वर्षांचे ठराव शेजारी शेजारी उघडायचे आणि एकच मुद्दा पकडायचा, समजा रिकाम्या जागा. गेल्या वर्षी "नोंद घेते" होतं आणि यंदा "खेद व्यक्त करते" झालं, तर मधे काहीच हललं नाही हे त्या एका शब्दावरून कळतं, आकडेवारी नंतर बघितली तरी चालेल.

डिस्चार्ज नाकारला तर काय, असं विचाराल तर ऑफिस काही बंद पडत नाही. कौन्सिलला (सदस्य देशांच्या सरकारांची संस्था) 2009 च्या खर्चापासून वर्षानुवर्षं नाकारलाय, ती चालूच आहे. पण दबाव येतो हे नक्की. युरोपियन कमिशन म्हणजे युनियनचा कारभार चालवणारी संस्था, तिच्या 1996 च्या हिशेबाला पार्लमेंटने 1998 च्या डिसेंबरमध्ये मंजुरी नाकारली आणि मार्च 1999 मध्ये झाक सांतेर यांच्या अख्ख्या कमिशनने राजीनामा दिला.

शेवटचा कागद म्हणजे संस्थेचं फॉलो-अप उत्तर, पार्लमेंटच्या सूचनांवर काय केलं ते त्यात असतं. ठरावातले सगळे "आवाहन करते" आधी एका कागदावर लिहून घ्या आणि मगच ते उघडा, ज्यापुढे तारीख किंवा आकडा दिलेला नाही त्यावर खूण करा, पुढच्या वर्षीचा ठराव आला की वाचायला तिथूनच सुरुवात करायची.