गाडीचं वजन आणि किंमत दोन्ही उतरवायचीय? सुरुवात पत्र्यापासून करा

1997 साली डिप्लोमा झाला आणि मी भोसरीतल्या एका प्रेस शॉपमध्ये टूल डिझाइनला लागले. नंतर चाकणला आले, आणि आजही काम तेच आहे: गाडीचे पत्र्याचे भाग, त्यांच्या डाय (म्हणजे पत्रा कापणारे आणि दाबून आकार देणारे साचे), आणि दर सहा महिन्यांनी गिऱ्हाईक कंपनीकडून येणारा तोच निरोप, 'वजन कमी करा, दरही कमी करा.' नवीन मुलं असा निरोप आला की लगेच अ‍ॅल्युमिनियम आणि कार्बन फायबरचं बोलू लागतात. त्यांना मी आधी वजनकाट्यापाशी नेते. स्वस्त गाडी हलकी करायची असेल तर महागडं मटेरियल हा शेवटचा उपाय आहे. त्याआधी करण्यासारखं बरंच असतं, आणि ते लहान व्हेंडरच्याही आवाक्यातलं असतं. ते कसं करायचं, हे इथे सांगते.

आधी एवढं का झटायचं ते बघू. गाडीचं वजन 10 टक्क्यांनी उतरलं तर इंधन साधारण 6 ते 8 टक्के वाचतं, असा ठोकताळा आहे. पुण्यासारख्या शहरात, दर सिग्नलला थांबून पुन्हा वेग घेताना, हा फायदा जास्त जाणवतो, कारण प्रत्येक वेळी तेवढं वस्तुमान नव्यानं ढकलावं लागतं. एक्स्प्रेसवेवर एकाच वेगानं जाताना हवेचा अडथळा मोठा असतो, तिथे वजनाचा वाटा घटतो. शिवाय एक वजन दुसऱ्या वजनाला हात देतं. बॉडी हलकी झाली की ब्रेक, स्प्रिंग, इंजिन सगळंच थोडं लहान चालतं. इलेक्ट्रिक गाडीत तर बॅटरी लहान होते, आणि बॅटरी हाच तिथला सगळ्यात महाग भाग.

तीन वजनं लिहा

एक भाग निवडा. ड्रॉइंगवर लिहिलेलं वजन, काट्यावर भरलेलं वजन आणि ब्लँकचं वजन, म्हणजे तो भाग काढण्यासाठी कॉइलमधून, पत्र्याच्या गुंडाळीतून, जेवढा पत्रा खर्च होतो त्याचं वजन, ही तिन्ही शेजारीशेजारी लिहा. पहिली दोन बहुतेक जण लिहितात. तिसरं फक्त खरेदी खात्याला माहीत असतं, आणि पैसे मात्र त्याचेच मोजावे लागतात.

आमच्याकडचा एक एल आकाराचा ब्रॅकेट घ्या. 2 मिमी पत्रा, भागाचं वजन 215 ग्रॅम. तो 190 मिमी रुंद पट्टीतून 130 मिमी पिचवर निघायचा. पिच म्हणजे दर ठोक्याला पट्टी जेवढी पुढे सरकते ते अंतर. म्हणजे एका नगाला 190 गुणिले 130 गुणिले 2 इतका पत्रा. स्टीलची घनता 7.85 (ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर) धरली की हे 388 ग्रॅम होतात. 215 ग्रॅमच्या भागासाठी 388 ग्रॅम पत्रा, म्हणजे 45 टक्के माल थेट भंगारात.

माझी आई ब्लाऊज शिवायची. कापड बेतताना ती दोन बाह्यांचे तुकडे कधीच एका दिशेनं मांडायची नाही. एकीची रुंद बाजू दुसरीच्या अरुंद बाजूला चिकटवायची, त्यातून उरलेल्या कापडात पट्टी निघायची. आम्ही त्या ब्रॅकेटचं तसंच केलं. दोन एल एकमेकांच्या कुशीत, उलटसुलट. पट्टी 260 मिमी झाली, पिच 138 मिमी, पण प्रत्येक ठोक्याला दोन नग. एका नगाला पत्रा लागला 282 ग्रॅम. हिशेब सोपा जावा म्हणून पत्रा 70 रुपये किलो आणि भंगार 35 रुपये किलो धरा. नगामागे 106 ग्रॅम वाचले, भंगाराचे बुडालेले पैसे वजा जाता सुमारे 3 रुपये 70 पैसे. महिन्याला 8,000 नग असतील तर जवळजवळ 30 हजार रुपये. गाडीचं वजन एका ग्रॅमनंही बदललेलं नाही, आणि भाग मात्र स्वस्त झाला.

इथे दोन गोष्टी सांभाळा. पहिली: भाग फिरवायचा, पालथा करायचा नाही. 180 अंशात फिरवला तर बर्र, म्हणजे कापलेल्या कडेला उरणारी धारदार कोर, त्याच बाजूला राहतो. आरशातल्यासारखा पालथा केला तर बर्र दुसऱ्या बाजूला जातो आणि वायरिंग कापतो. दुसरी: पत्र्याला रोलिंगची दिशा असते, शॉपमध्ये आम्ही तिला ग्रेन म्हणतो. बेंडची रेषा ग्रेनला समांतर आली की बाहेरच्या कडेला चिरा पडायची शक्यता वाढते, हाय स्ट्रेंग्थ पत्र्यात तर फारच. 180 अंशात फिरवताना हा धोका वाढत नाही. पण जागा वाचवायला 45 किंवा 90 अंशात वळवलंत तर आधी 20-25 नग बेंड करून भिंगाखाली कडा तपासा.

मोठ्या भागातून पडणारे तुकडे भंगार समजू नका. दरवाज्याच्या खिडकीच्या जागेतून जो पत्रा कापला जातो त्यातून छोटे ब्रॅकेट आणि वॉशर निघतात. त्यासाठी त्या तुकड्यांना वेगळी ट्रॉली हवी आणि जाडीनुसार रंगाची खूण हवी. ट्रॉलीची ही शिस्त बसवायला आम्हाला डाय बनवण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

जाडी कमी करा, पण आकार देऊन

आता खरं वजन. पत्रा किती वाकेल हे जाडीच्या घनावर ठरतं. 1.6 मिमीचा सपाट पत्रा 1.2 मिमीचा केला तर वजन 25 टक्के घटतं, पण ताठपणा 58 टक्क्यांनी जातो. (1.2 चा घन भागिले 1.6 चा घन, उत्तर 0.42.) गेलेला ताठपणा आकारातून परत मिळवायचा. गावाकडच्या घरावरचा पन्हळी पत्रा आठवा. तोच पत्रा सपाट असता तर माणूस चढल्यावर खाली आला असता. किंवा स्वयंपाकघरातलं पातेलं घ्या, त्याचा काठ बाहेर वळवलेला असतो म्हणून पातळ असूनही ते चिमटीत दबत नाही. गाडीच्या भागात पन्हळीला बीड म्हणतात आणि वळवलेल्या काठाला फ्लँज. भाग हलका करायला भोक पाडलंत तर भोकाची कडाही अशीच वळवा. सपाट भोक ताठपणा घालवतं, वळवलेल्या कडेचं भोक त्यातला बराचसा परत आणतं.

बॉनेटखाली बॅटरी ज्या ट्रेमध्ये बसते तो ट्रे आम्ही असाच केला. 320 बाय 260 मिमीचा ब्लँक, 1.6 मिमीचा असताना 1.045 किलो. 1.2 मिमीवर आणला आणि तळाला दोन लांब बीड दिले. ब्लँक 784 ग्रॅमचा झाला. त्याच डायच्या सेटमध्ये नवे इन्सर्ट (डायचे बदलता येणारे तुकडे) बसले, म्हणून टूलिंगचा खर्चही थोडाच आला.

त्यानंतर मी चूक केली. सगळं छान जमलं म्हणून 1.0 मिमीची चाचणी लावली. शेकरवर, म्हणजे भाग हादरवून तपासणाऱ्या यंत्रावर, खडबडीत रस्त्याचं चक्र पूर्ण व्हायच्या आत बोल्टच्या भोकापासून चिरा पडल्या. बीड मी तळाच्या मधोमध दिले होते आणि ते बोल्टच्या थोडं अलीकडे संपत होते. बॅटरी 10-12 किलोची, ती खाली-वर हिंदकळताना सगळा ताण नेमका बीडच्या टोकाला आणि बोल्टच्या मध्ये एकवटला. ती रात्र मी झोपले नाही. तो ट्रे रस्त्यावरच्या गाडीत बसला असता तर काय, हाच विचार डोक्यात होता. शेवटी 1.2 वर परत आलो, बीड बोल्टच्या पलीकडे नेले, आणि ज्या एका बोल्टवर ताण जास्त होता तिथे 1.6 मिमीचा 35 ग्रॅमचा तुकडा मागून स्पॉट वेल्ड केला, म्हणजे विजेनं ठिपक्या-ठिपक्यानं जोडला. तेव्हापासून माझा नियम आहे: जाडी सगळीकडे एकदम कमी करायची नाही, आणि बीड कधीही बोल्टच्या अलीकडे संपवायचा नाही.

गंजाचंही ध्यानात ठेवा. पातळ पत्रा लवकर भोक पडेपर्यंत गंजतो. कोकणातल्या खाऱ्या हवेत राहणाऱ्या गाडीसाठी जाडी उतरवली तर जस्ताचा थर असलेला पत्रा घ्या, आणि वाचलेल्या पैशातून त्याचा जादा दर वजा करूनच बचत मांडा.

मटेरियल बदलताना

सगळ्यात जास्त गैरसमज इथे दिसतात. हाय स्ट्रेंग्थ स्टील साध्या स्टीलपेक्षा मजबूत असतं, पण ताठ नसतं. दोघांचा लवचिकतेचा गुणांक सारखाच, सुमारे 210 गिगापास्कल. म्हणून जिथे भाग तुटायचा किंवा चेपायचा प्रश्न आहे तिथे हाय स्ट्रेंग्थ पत्रा पातळ करून वापरता येतो. जिथे तो थरथरतो किंवा हातानं दाबल्यावर आत जातो, तिथे त्याचे जास्तीचे पैसे वाया जातात. दोन दरवाज्यांमधला खांब हे पहिल्या प्रकारचं उदाहरण. तिथे बोरॉनचं स्टील 900 अंशांच्या वर तापवून थंड डायमध्ये दाबतात आणि तिथेच निववतात. त्याची ताकद 1500 मेगापास्कलपर्यंत जाते.

अ‍ॅल्युमिनियमची घनता 2.7, म्हणजे स्टीलच्या साधारण एक तृतीयांश. पण त्याचा ताठपणाही एक तृतीयांशच. 1 मिमी स्टीलच्या सपाट पॅनलइतकंच ताठ अ‍ॅल्युमिनियमचं पॅनल हवं असेल तर ते 1.44 मिमीचं लागतं, आणि वजन निम्मं होतं. निम्मं हे खूपच आहे. फोर्डनं 2015 च्या एफ-150 पिकअपची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची केली आणि 300 किलोहून जास्त वजन उतरवलं. पण ती महागडी, प्रचंड खपाची गाडी होती. अ‍ॅल्युमिनियम किलोमागे स्टीलच्या कितीतरी पट पडतं. आपल्याकडचे स्टीलचे स्पॉट वेल्डर त्याला थेट चालत नाहीत, रिव्हेट आणि चिकटद्रव्य लागतं, आणि गल्लीतल्या डेंटिंगवाल्याला ते ठोकून सरळ करता येत नाही. परवडणाऱ्या गाडीत अ‍ॅल्युमिनियम इंजिन आणि गिअरबॉक्सच्या कास्टिंगमध्ये शोभतं, बॉडीत नाही. हे माझं ठाम मत आहे.

भाग गायब करा

सगळ्यात हलका भाग म्हणजे नसलेला भाग. जनरल इलेक्ट्रिकमधल्या लॉरेन्स माइल्स यांनी 1947 च्या सुमारास व्हॅल्यू अ‍ॅनॅलिसिसची पद्धत घालून दिली. तिचा पहिला प्रश्न मी अजून प्रत्येक ड्रॉइंगवर पेन्सिलीनं लिहिते: हा भाग काय काम करतो? उत्तर एका क्रियापदात आणि एका नामात द्यायचं. 'बॅटरी धरतो.' 'पाणी अडवतो.' उत्तर देता आलं नाही तर तो भाग जाण्याच्या यादीत.

याचं आपल्या घरचं उदाहरण म्हणजे टाटा नॅनो. जानेवारी 2008 मध्ये ती दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत आली तेव्हा आमच्या शॉपमधले सगळे टीव्हीसमोर उभे होते. एक लाख रुपयांचा आकडा आणि साधारण 600 किलो वजन. चाकाला चारऐवजी तीन नट, पुढे एकच वायपर, 624 सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन मागे. पुण्यात घडलेलं ते काम बघून मला जो अभिमान वाटला तो आजही कमी झालेला नाही. पण त्यातून मी एक भेदही शिकले. तीन नट किंवा एक वायपर गिऱ्हाईकाला खुपत नाही, काम होतं. मागचं दार मात्र सुरुवातीच्या गाड्यांत बाहेरून उघडत नव्हतं. पिशव्या मागे ठेवायला सीट पुढे पाडावी लागायची. ते दार 2015 च्या मॉडेलमध्ये उघडू लागलं. माणूस रोज ज्याला हात लावतो ते कापू नका. तो कधी पाहणारही नाही अशा जागी कापायला भरपूर वाव असतो.

दोन-तीन भागांचा एक भाग करणं हाही याचाच प्रकार. प्रत्येक जोडाला स्पॉट लागतात, प्रत्येक स्पॉटला वेळ, वीज आणि एकावर एक पत्र्याची पट्टी लागते. आमच्या एका क्रॉस मेंबरचे (गाडीच्या आडव्या तुळईचे) तीन तुकडे एकत्र केल्यावर फक्त त्या पट्ट्या गेल्यामुळेच वजन उतरलं. टोकाला जाऊन टेस्लानं मॉडेल वायच्या मागच्या बाजूचे सुमारे 70 भाग एका मोठ्या कास्टिंगमध्ये घातले. खर्चाच्या दृष्टीनं ते चोख आहे. पण मागून धक्का बसल्यावर दुरुस्तीचं बिल कुणाच्या गळ्यात पडणार, हा प्रश्न परवडणाऱ्या गाडीला विचारावाच लागतो.

जिथे हात लावायचा नाही

सीट बेल्टचे अँकर, सीटचे पाय, पुढच्या टकरीत चेपून ऊर्जा शोषणारे रेल. यांच्यात वजन कमी करायची कल्पना असेल तरी गिऱ्हाईक कंपनीच्या क्रॅश टीमशिवाय एक मिमीही बदलू नका. 2014 मध्ये ग्लोबल एनकॅपनं, म्हणजे गाड्या आपटून सुरक्षेचे तारे देणाऱ्या संस्थेनं, भारतातल्या पाच लहान गाड्या, एअरबॅग नसलेल्या रूपात, आपटून पाहिल्या आणि पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षेत शून्य तारे मिळाले. ऑक्टोबर 2023 पासून आपला स्वतःचा भारत एनकॅप आहे. स्वस्त गाडीत बसणाऱ्या कुटुंबाचा जीव स्वस्त नसतो. हे मी प्रत्येक नव्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगते. साध्या भागाचा बदलही ड्रॉइंगची मंजुरी, नमुन्यांचं पुन्हा सादरीकरण आणि चाचणीचा अहवाल यांशिवाय लाइनवर जाता कामा नये.

पहिल्या लॉटनंतर

मंजुरी मिळाली, डाय चालू झाली, की पाच-पाच नग काट्यावर ठेवा, पण त्यासोबत कॉइलची खरी जाडी मायक्रोमीटरनं मोजून लिहा. पत्र्याच्या जाडीला सहनमर्यादा असते. 1.2 म्हणून आलेली कॉइल 1.25 भरू शकते, आणि पत्रा आपण किलोवर घेतो. म्हणजे तेवढ्याच पैशात नग कमी निघतात आणि गाडीत वजन परत शिरतं. आमच्या खरेदी खात्यानं पुरवठादाराशी बोलून जाडी मर्यादेच्या खालच्या अर्ध्यात मागायला सुरुवात केली, तेव्हा बॅटरी ट्रेच्या पुढच्या लॉटचं सरासरी वजन आणखी 17 ग्रॅमनं उतरलं.