कनेक्शनं दोन, खांब एकच

नाशिकच्या कॅनडा कॉर्नरला दुसऱ्या मजल्यावर माझं कर सल्लागाराचं ऑफिस आहे. आम्ही सहा जण. महिन्याची २० तारीख म्हणजे जीएसटीआर-३बी, जीएसटीचं मासिक रिटर्न भरायची शेवटची तारीख. ती चुकली की पक्षकाराला दिवसाला ५० रुपये लेट फी लागते आणि बोलणी मला खावी लागतात. म्हणून मी शहाणपणा करून दोन वेगवेगळ्या कंपन्यांची इंटरनेट कनेक्शनं घेतली. ऐन २० तारखेला दुपारी दोन्ही बंद! कुंभमेळ्याच्या कामासाठी रस्ता खोदलेला होता, त्यात जेसीबीने खांब वाकवला. लाइनमन आला, वर बघून म्हणाला, "मॅडम, कंपन्या दोन असल्या तरी वायरी या एकाच खांबावरून येतात."

तेव्हापासून ऑफिससाठी कोणतं नेट घ्यावं असं कोणी विचारलं की मी आधी त्याला खाली रस्त्यावर नेते. तुमची वायर कुठून येते ते बघा. दुसरं कनेक्शन घ्यायचंच असेल तर ते दुसऱ्या बाजूने येणारं घ्या, नाहीतर सरळ सिमवर चालणारा ४जी किंवा ५जी राउटर ठेवा. त्याचा खांबाशी संबंधच नाही.

फायबर थेट तुमच्या टेबलापर्यंत येते का, हेही विचारा. काही केबलवाले गच्चीवरच्या डब्यापर्यंतच फायबर आणतात आणि तिथून साधी लॅनची वायर खाली सोडतात. त्या डब्याला वीज लागते. लाइट गेली की तुमचा इन्व्हर्टर चालू असूनही नेट गायब! फायबर थेट आत आली तर सहसा राउटरला एक मिनी यूपीएस लावला की भागतं.

आता स्पीड. जाहिरातीतला १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० एमबी नव्हे, साडेबारा एमबी, कारण तो आकडा मेगाबिटचा असतो आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. सहा जणांना तेवढं पुष्कळ होतं. फसगत होते ती अपलोडमध्ये. आमच्याकडे स्कॅन केलेली कागदपत्रं आणि टॅलीचा बॅकअप सतत वर चढत असतो. २५० एमबीची फाइल १० एमबीपीएस अपलोडवर तीन मिनिटांहून जास्त खाते, १०० वर वीस सेकंदांत जाते. तेव्हा 'अपलोड किती?' हे विचारा आणि तो आकडा लेखी घ्या. मग शेजारच्या गाळ्यात तीच लाइन असेल तर चहा पीत सकाळी अकराला स्पीड टेस्ट करून बघा. रात्रीच्या टेस्टला काही अर्थ नाही.

स्टॅटिक आयपी, म्हणजे नेटवरचा कधी न बदलणारा पत्ता, मुख्यतः घरून ऑफिसच्या सर्व्हरवर थेट काम करणाऱ्याला हवा. बाकीच्यांनी त्याचे पैसे वाचवावेत. लीज्ड लाइन, म्हणजे फक्त तुमच्यासाठी राखलेली लाइन, अंबड-सातपूरच्या कारखान्याला शोभते. तिथे दुरुस्ती किती वेळात होईल हे करारात लिहून मिळतं, पण पैसेही कित्येक पट जातात.

बिल मात्र फर्मच्या जीएसटी नंबरवरच घ्या. ९९९ च्या प्लॅनवर १८ टक्के धरून ११७९ होतात, त्यातले १८० इनपुट टॅक्स क्रेडिटमध्ये परत मिळतात, म्हणजे तुम्ही भरायच्या जीएसटीतून वजा होतात. घरच्या नावावरचं कनेक्शन ऑफिसात चालवणारे हे पैसे दर महिन्याला सोडून देतात, आणि त्यात माझे दोन पक्षकारही आहेत!

वर्षभराचे पैसे एकदम भरले तर दोन महिने फुकट, असं सांगतील. भरू नका. आधी एकच महिना घ्या. जीएसटीआर-१ या विक्रीच्या रिटर्नची ११ आणि ३बीची २० या दोन्ही तारखा त्यात येतातच.