कुलाबा बघायचा तर आधी कॅलेंडर काढा

जिल्ह्याचं नाव रायगड, कचेरी अलिबागला आणि रायगड किल्ला तिकडे महाडजवळ, असं कसं हो बाई? भूगोल शिकवायचे तेव्हा दर जूनला कुणीतरी हे विचारायचंच. उत्तर एका ओळीचं आहे. १ जानेवारी १९८१पर्यंत हा कुलाबा जिल्हा होता, आणि कुलाबा म्हणजे अलिबागसमोर पाण्यात उभा असलेला किल्ला. पण एका ओळीने पोरांचं समाधान होत नसे, म्हणून मी त्यांना एक दिवस फिरवून आणायचे. तो दिवस कसा आखायचा ते सांगते.

किल्ल्यात ओहोटीलाच चालत जाता येतं, म्हणून आधी तिथी बघा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हा आमच्या कोळीवाड्याचा हिशेब. तृतीयेला तीनची पाऊणपट सव्वादोन; म्हणजे भरती सव्वादोनला आणि त्याआधी सहा तास, सकाळी सव्वाआठच्या सुमारास, ओहोटी. पुनवेनंतरच्या किंवा अवसेनंतरच्या दोन-तीन तिथी धरा, तेव्हा उधाण असतं आणि पाणी लांबवर हटतं. अष्टमीला ओहोटी भर दुपारी येते खरी, पण ती भांगाची. पाणी धड हटतच नाही. हिशेब ढोबळ आहे, अर्धा तासही इकडेतिकडे होतो, तेव्हा निघण्याआधी किनाऱ्यावरच्या माणसाला विचाराच. मी एकदा भाच्याच्या हट्टापायी तोफांपाशी रेंगाळले आणि साडी कमरेपर्यंत भिजवून परत आले.

त्या तोफा बघण्यासारख्या आहेत हेही खरं. चाकांच्या गाड्यावरच्या दोन तोफांवर इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या कारखान्याचं नाव कोरलेलं आहे. किल्ल्याचं काम १६८०मध्ये शिवाजी महाराजांनी सुरू केलं, संभाजी महाराजांच्या काळात पुरं झालं, आणि पुढे आंग्र्यांचं आरमार इथूनच हललं. कान्होजींची समाधी गावात आहे, परत आल्यावर तिथे जा. कुलाबा हे नाव कोळ्यांवरून आलं म्हणतात, समुद्रात घुसलेल्या जमिनीच्या अरबी शब्दावरून आलं असंही म्हणतात. मला पहिलं पटतं, पण शपथ घेणार नाही. अलिबागचं तसंच: अली नावाच्या श्रीमंत बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, गृहस्थाने इथे बागा लावल्या, विहिरी खणल्या, म्हणून अलीची बाग.

आता दक्षिणेचा रस्ता धरा. आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा एका माळेत येतात. या पट्ट्याला अष्टागर म्हणतात. आगर म्हणजे नारळी-पोफळीची बाग. रस्ता वाळूच्या जुन्या बांधावरून जातो, म्हणून वाड्यांमध्ये थोडं खणलं तरी गोडं पाणी लागतं. पोरांना विहिरीत डोकावायला लावा, पुस्तकातलं भूजल तिथे दिसतं.

आक्षीत शिलालेख चुकवू नका. शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ असं त्याचं वाचन सांगतात; त्यावर अभ्यासकांचा वाद आहे. मराठीच्या अगदी आरंभीच्या लेखांत तो मोजला जातो. राजाची बिरुदं काय, तर 'पसीमसमुद्राधीपती' आणि कोंकणाचा चक्रवर्ती. 'पश्चिम' असं नीट लिहिणारी आम्ही शाळेतली माणसं. दगडावरचं 'पसीम' वाचून पोरं खूश व्हायची, कारण तीही तसंच लिहीत.

चौलला घाई करू नका. ग्रीक व्यापारी या बंदराला सेमुल्ला म्हणत, कोकणच्या शिलाहार राजांच्या लेखांत ते चेमुल्य आहे, अरबांच्या तोंडी सैमूर. फळ्यावर ही नावं एकाखाली एक लिहून मोठ्याने म्हणायला लावा, चौल आपोआप ऐकू येतं. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात इथेच उतरला. मग बंदर गेलं कुठे? रेवदंड्याला पोर्तुगीज कोटाच्या भिंतीपाशी उभं राहून कुंडलिकेचं मुख बघा. खाड्या गाळाने भरत गेल्या आणि मोठी जहाजं मुंबईकडे वळली.

पूल ओलांडला की कोर्लई. किल्ल्याखालच्या वाडीत पोर्तुगीजातून घडलेली एक बोली आजही घरात बोलतात. तिला ते 'नौ लिंग', आपली भाषा, म्हणतात. किल्ला संध्याकाळच्या आत चढून उतरा, वरून खाडी आणि समुद्र दोन्ही दिसतात.

खारेपाट याच दिवसात कोंबू नका. पूर्वेकडची ती खाऱ्या पाण्यातून बांध घालून मिळवलेली भातजमीन, आणि चरीचा १९३३ ते १९३९ असा सहा वर्षं चाललेला शेतकऱ्यांचा संप, यांना वेगळी सकाळ द्या. पोयनाडपर्यंत एसटी जाते.