टाइल्स घेताना आधी पाठ बघा, मग डिझाईन

कोल्हापुरात घर बांधताय आणि टाइल्स घ्यायला निघालाय तर दुकानात गेल्या गेल्या एक टाइल उलटी करून मागाच. आपल्या उद्यमनगरात (कोल्हापूरचा कारखान्यांचा भाग) प्रेस न् डाय, म्हणजे दाबायचा साचा, रोज बघणाऱ्याला हे लगेच कळंल, कारण टाइल पण डायमध्येच दाबतात, ओल्या मातीची नाही तर जवळजवळ कोरड्या पावडरची. ही आयडिया रिचर्ड प्रॉसर या इंग्रज माणसाची, १८४० चं पेटंट, आधी त्यातनं बटणं बनायची, मग हर्बर्ट मिंटन या चिनीमातीच्या कारखानदारानं तेच टाइल्सला लावलं. ओली माती वाळताना आकसते, वाकडी होते, पावडरीत ते खूप कमी, म्हणून पुढं मशीनवर धडाधड टाइल्स काढणं जमलं. मला हा माणूस लय मोठा वाटतो, त्याचं नाव कुणी घेत नाही याचं वाईट वाटतं.

आता चेक कसं करायचं: दोन टाइल्स तोंडाला तोंड लावून धरा, मधनं उजेड दिसला की वाक आहे. पाठीवर पाण्याचा थेंब टाका, भिंतीची सिरॅमिक टाइल तो पटकन पिते, व्हिट्रीफाइडवर, म्हणजे काचेसारख्या घट्ट भाजलेल्या टाइलवर, तसाच बसून राहतो (तिचं शोषण ०.५ टक्क्याच्या आत असतं). पिणारी टाइल सिमेंटात बसवणार असाल तर आधी पाण्यात भिजवा, नाहीतर ती सिमेंटातलंच पाणी ओढते न् नंतर पोकळ वाजते. बॉक्सवरचा बॅच न् शेड नंबर सगळ्यांवर एकच पाहिजे, आणि चार-पाच टाइल्स जास्तीच्या घेऊन ठेवा, नंतर तीच शेड मिळत नाही.